फायरवॉल चालूच असते, ती बंद कोण करतं?

नागपूरच्या इतवारीतल्या होलसेल किराणा दुकानात साधारण दोन कॉम्प्युटर असतात. एकावर मालक, दुसऱ्यावर मुनीमजी. हिशेबाचं सॉफ्टवेअर मालकाच्या मशीनवर, मुनीमजींचं मशीन त्याला नेटवर्कने जोडलेलं. जीएसटी भरायच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी मुनीमजींच्या स्क्रीनवर 'सर्व्हर सापडत नाही' असं येतं. मग बर्डीवरून दुरुस्तीवाला पोरगा बोलावतात. तो केबल हलवून पाहतो, कंट्रोल पॅनलमध्ये शिरतो, दोन ठिकाणी क्लिक करतो आणि सांगतो, "घ्या भाऊ, चालून राहिलं आता. फायरवॉल अडवत होती, बंद करून टाकली." रिटर्न वेळेत भरलं जातं. फायरवॉल मात्र पुढे कित्येक वर्षं तशीच बंद राहते, कारण ती बंद असल्याने रोजच्या कामात कुणाचं काहीच अडत नाही.

विंडोजमध्ये फायरवॉल वेगळी बसवावी लागत नाही, विकतही घ्यावी लागत नाही. २००४ पासून ती विंडोजसोबत येते आणि चालू स्थितीतच येते. त्यामुळे 'फायरवॉल कशी चालू करायची' हा प्रश्न घरगुती वापरात तसा क्वचितच पडायला हवा. ती कुणी आणि कशापायी बंद केली, आणि तेच काम ती बंद न करता कसं झालं असतं, हे कळलं की अर्ध्याहून जास्त विषय आटोपला.

आधी ती करते काय ते पाहू. नेटवर्कवरून जे काही येतं-जातं ते लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये. प्रत्येक पॅकेटवर ते कुठून निघालं आणि कुठे चाललं याचे आयपी पत्ते असतात, आणि बहुतेक पॅकेटवर त्याशिवाय पोर्ट नंबरही असतात. पत्त्यावरून मशीन कळतं, पोर्टवरून त्या मशीनवरचा नेमका कोणता प्रोग्रॅम ते कळतं. पोर्टचे नंबर ६५५३५ पर्यंत जातात. त्यांतले काही ठरलेले आहेत: सुरक्षित वेबसाइट ४४३ वर, विंडोजचं फाइल शेअरिंग ४४५ वर, विंडोजचं रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर. एखादा प्रोग्रॅम पोर्टवर कान देऊन बसला असेल तर बाहेरून त्या नंबरवर आलेलं पॅकेट त्याच्यापर्यंत पोचतं. विंडोज नुसतं सुरू झालं तरी असे अनेक प्रोग्रॅम कान देऊन बसतात. तुम्ही काही उघडलेलं नसलं तरी.

फायरवॉल या प्रोग्रॅमच्या आधी उभी असते आणि प्रत्येक पॅकेटला एकच गोष्ट विचारते: हे आम्ही मागवलं होतं का? फ्लॅट स्कीमच्या गेटवरचा वॉचमन वही ठेवतो तसंच. आतला माणूस बाहेर गेला की नोंद होते, परतला की नोंद पाहून आत. अनोळखी माणूस आला तर कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं असलं तरच आत, नाहीतर बाहेरूनच परत. तुम्ही ब्राउझरमध्ये वीजबिल उघडता तेव्हा तुमचं मशीन बाहेर विनंती पाठवतं, फायरवॉल तिची नोंद करते, आणि त्या सर्व्हरकडून आलेलं उत्तर त्या नोंदीच्या जोरावर आत येतं. म्हणून फायरवॉल चालू असताना इंटरनेट अजिबात अडत नाही. 'फायरवॉलमुळे नेट स्लो होतं' हे आपल्याकडे फार ऐकू येतं. विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलबाबत घरच्या वापरात त्यात काही दम नाही.

विंडोजचा मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो. आत येणारं सगळं बंद, परवानगी दिली असेल तेवढंच चालू. बाहेर जाणारं सगळं चालू, मनाई केली असेल तेवढंच बंद. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

हा नियम सुरुवातीपासून नव्हता. २००१ च्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण बंद अवस्थेत, सेटिंगच्या कोपऱ्यात. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम, पसरला. ज्यांनी तेव्हा सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजलेत त्यांना ती खिडकी आठवेल: 'सिस्टीम बंद होत आहे', आणि ६० सेकंदांची उलटी मोजणी. ईमेल उघडावा लागत नव्हता, पेन ड्राइव्ह लावावा लागत नव्हता. मशीन नेटला जोडलेलं असणं पुरेसं होतं, कारण वर्म पोर्ट १३५ वर स्वतःच येऊन ठोठावत होता. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती जुलैमध्येच दिली होती, पण ती कितीकांनी टाकली होती! पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि फायरवॉल आपोआप चालू झाली.

मग मे २०१७ मध्ये वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म. या वेळी पोर्ट ४४५, म्हणजे फाइल शेअरिंग. दीडशेहून जास्त देशांतली मशीनं कुलूपबंद झाली, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. इथेही दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. दोन्ही वेळचं सूत्र एकच आहे. विंडोजमध्ये एखादं भोक सापडतं, दुरुस्ती येते, आणि ती तुमच्या मशीनवर बसेपर्यंत काही दिवस वा महिने जातात. त्या मधल्या काळात न मागवलेलं पॅकेट त्या भोकापर्यंत पोचूच न देणं, एवढंच फायरवॉलचं काम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित मोफत साथ संपली, आणि आपल्याकडच्या दुकानांत, ट्यूशन क्लासेसमध्ये, घरांत विंडोज १० अजून भरपूर चालतं. जिथे दुरुस्त्या येणंच थांबलंय तिथे हा मधला काळ कधी संपतच नाही.

इथे जाणकार वाचक म्हणेल, घरी राऊटर आहेच की, तो कुठे बाहेरचं आत येऊ देतो? खरं आहे. राऊटर घरातल्या सगळ्या मशीनना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वाटतो आणि बाहेर एकच पत्ता दाखवतो. न मागवलेलं पॅकेट कुणाला द्यायचं हेच त्याला कळत नाही, म्हणून ते तिथेच पडतं. पण याच्या भरवशावर राहू नये, आणि त्याची कारणं नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं, लॅपटॉप घरी बसून राहत नाही. तो नागपूर स्टेशनच्या वाय-फायवर जातो, विमानतळावर जातो, धरमपेठेतल्या कॅफेत जातो, पोराच्या हॉस्टेलवर जातो. तिथे राऊटरच्या आतल्या बाजूला तुमच्यासोबत शंभर अनोळखी मशीन असू शकतात. दुसरं, घरातल्या वाय-फायवर फक्त तुमचा कॉम्प्युटर नसतो. टीव्ही असतो, पोरांचे फोन असतात, दुकानात सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, असतो. २०१६ मधल्या मिराई नावाच्या मालवेअरने (मालवेअर म्हणजे घातक सॉफ्टवेअर) असेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले होते, कारण त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच ठेवलेले होते. डीव्हीआर बाधित झाला तर तो राऊटरच्या आत आहे, तुमच्या मशीनच्या शेजारी. (डीव्हीआरला विंडोजची फायरवॉल वाचवू शकत नाही हेही जाता जाता सांगतो. त्याचा पासवर्ड आजच बदला, आणि बसवणाऱ्याने बाहेरून पाहता यावं म्हणून राऊटरवर एखादा पोर्ट उघडून ठेवलाय का ते विचारा.) तिसरं कारण आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. नव्या फायबर जोडण्यांवर हे सर्रास मिळतं, आणि त्यात प्रत्येक मशीनला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता असू शकतो. खासगी पत्त्याची ती आपसूक आड तिथे राहत नाही. राऊटरची स्वतःची फायरवॉल चालू असली तर ठीक, नसली तर तुमच्या मशीनवरची तेवढी शिल्लक.

आता मशीनसमोर बसा. स्टार्टवर क्लिक करून 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा, उघडा, आणि 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' वर जा. तीन नावं दिसतील: डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक. तिघांखाली 'फायरवॉल इज ऑन' लिहिलेलं हवं. कुठे लाल फुली दिसली तर शेजारीच 'टर्न ऑन' चं बटण असतं. बसवण्याचा भाग इथे संपला.

कधीकधी या पानावर विंडोजऐवजी दुसऱ्याच एखाद्या अँटीव्हायरसचं नाव दिसतं. नवा लॅपटॉप घेताना दुकानदाराने जो वर्षभराचा अँटीव्हायरस टाकून दिलेला असतो, त्याने फायरवॉलचा ताबा घेतलेला असू शकतो. मुदत चालू आहे तोवर हरकत नाही. संपली असेल आणि पुढे पैसे भरायचे नसतील तर तो नीट अनइन्स्टॉल करा. मग विंडोजची फायरवॉल पुन्हा कामाला लागते. लागली का, ते याच पानावर पाहा. दोन फायरवॉल एकावर एक चालवण्यात फायदा काही नाही, गोंधळ मात्र भरपूर.

तीन नावांपैकी डोमेन मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कसाठी आहे, घरी तिचा संबंध येत नाही. उरलेल्या दोहोंत खरा खेळ आहे. नेटवर्क पब्लिक असं धरलं की विंडोज स्वतःला लपवतं: शेजारच्या मशीनना तुमचं नाव दिसत नाही, फाइल शेअरिंग बंद, प्रिंटर शेअरिंग बंद. प्रायव्हेट धरलं की त्या नेटवर्कवरच्या मशीनशी ओळखपाळख ठेवायची परवानगी मिळते. नवं वाय-फाय जोडलं की विंडोज ११ सहसा ते पब्लिकच धरतं, आणि ते शहाणपणाचं आहे. बदलायचं असेल तर सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय किंवा इथरनेट, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नेटवर्क प्रोफाइल टाइप' पाहा.

माझा नियम कडक आहे. ज्या वाय-फायचा पासवर्ड मी ठरवलेला आहे आणि जो मी बदलू शकतो, तेच प्रायव्हेट. बाकी सगळं पब्लिक. फ्लॅट स्कीममध्ये वरच्या मजल्यावरच्या काकांशी अर्धं-अर्धं बिल भरून वाय-फाय वाटून घेतलं असेल तर तेही पब्लिक. काका कितीही चांगले असोत, त्यांच्या नातवाच्या लॅपटॉपवर काय आहे हे त्यांनाही माहीत नसतं. प्रवासात असताना पब्लिक प्रोफाइलच्या पानावर 'आत येणाऱ्या सर्व जोडण्या अडवा, परवानगी दिलेल्या अ‍ॅपसुद्धा' अशा अर्थाचा चौकोन असतो, त्यावरही टिक करून टाकावी. ब्राउझिंग, मेल, बँक सगळं पहिल्यासारखं चालतं, कारण ते सगळं तुम्ही मागवलेलं असतं.

आता इतवारीतल्या दुकानातला गुंता. 'सर्व्हर सापडत नाही' म्हणजे मुनीमजींच्या मशीनकडून निघालेली पॅकेटं मालकाच्या मशीनवरची फायरवॉल आत घेत नाही, असं मानू. पण काल तर घेत होती! मग मधे काय बदललं? अशा वेळी पहिला संशय प्रोफाइलवर घ्यावा. राऊटर नवा बसवला, किंवा इंटरनेटवाल्याने तो बदलून दिला, की विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क, म्हणजे पब्लिक. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला दिलेली परवानगी प्रायव्हेटपुरती होती, ती आता लागू नाही. मालकाच्या मशीनवर नेटवर्क पुन्हा प्रायव्हेट केलं की काम सुरू. पोराने केलेल्या दोन क्लिकइतकीच मेहनत, फक्त दुसऱ्या ठिकाणी.

प्रोफाइल बरोबर असूनही अडत असेल तर दुसरी शक्यता पाहायची, आणि ही भल्याभल्यांना चकवते. एखादा नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा पोर्टवर कान देऊन बसतो तेव्हा विंडोज खिडकी दाखवून विचारतं: याला परवानगी द्यायची का? घाईत लोक 'कॅन्सल' दाबतात आणि समजतात की प्रश्न पुढे ढकलला. प्रत्यक्षात विंडोज त्या क्षणी त्या प्रोग्रॅमसाठी मनाईचे नियम लिहून ठेवतं, साधारणपणे दोन, एक टीसीपीसाठी आणि एक यूडीपीसाठी (पॅकेट पाठवायच्या या दोन पद्धती). पुढे कधीतरी तुम्ही परवानगीचा नियम बनवता. यादीत तो हिरव्या खुणेसह दिसतो, तरी प्रोग्रॅम चालत नाही. कारण विंडोजच्या फायरवॉलमध्ये मनाई आणि परवानगी समोरासमोर आली तर मनाई जिंकते. परवानग्या कितीही वाढवा, ती जुनी मनाई शोधून काढल्याशिवाय उपयोग नाही. आणि ती सापडत नाही म्हणून वैतागून शेवटी फायरवॉलच बंद केली जाते.

शोधायची कुठे? स्टार्टवर इंग्रजीत 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' टाइप करून एंटर दाबा. फायरवॉलची मोठी, तपशिलाची खिडकी उघडते. डावीकडे 'इनबाउंड रूल्स' वर क्लिक केलं की आत येण्याचे शेकडो नियम दिसतात. घाबरू नका, बहुतेक विंडोजचे स्वतःचे आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही. यादी नावानुसार लावून घ्या आणि आपला प्रोग्रॅम शोधा. हिरवी खूण म्हणजे परवानगी, लाल वर्तुळ म्हणजे मनाई, करडी खूण म्हणजे नियम आहे पण चालू नाही. आपल्या प्रोग्रॅमच्या नावाने लाल वर्तुळ दिसलं तर तो नियम काढा किंवा त्याला परवानगीत बदला.

नियमच नसेल तर बनवावा लागेल. उजवीकडे 'न्यू रूल'. पहिलाच प्रश्न येतो, नियम प्रोग्रॅमसाठी की पोर्टसाठी. शक्य असेल तर प्रोग्रॅम निवडा आणि त्याची फाइल दाखवा. प्रोग्रॅमचा नियम फक्त त्या प्रोग्रॅमला लागू होतो. तो बंद असला की आत कुणी ऐकणारंच नसतं. पोर्टचा नियम मात्र त्या नंबरवर जो कुणी बसेल त्याला लागू, उद्या दुसराच कुणी येऊन बसला तरी. सॉफ्टवेअरवाल्यांनी पोर्टच उघडायला सांगितला असेल तर त्यांच्या मदतपानावर दिलेला नेमका नंबर टाका, 'ऑल पोर्ट्स' कधीच नाही. पुढे 'अलाउ द कनेक्शन'. त्यानंतरच्या पानावर तीन चौकोन टिक केलेले येतात: डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक. इथे थांबा. प्रायव्हेट ठेवा, बाकी दोन काढा. शेवटी नाव द्या, आणि नाव असं द्या की दोन वर्षांनी कळावं: 'मुनीमजींच्या मशीनसाठी हिशेब', 'टेस्ट १' नको.

एक पायरी आणखी, जी क्वचितच कुणी करतं. तयार झालेल्या नियमावर डबल क्लिक करून 'स्कोप' मध्ये जा. तिथे दूरच्या पत्त्यांच्या जागी 'एनी' असतं, म्हणजे कुणीही. ते बदलून 'लोकल सबनेट' करा. आता हा नियम फक्त दुकानातल्याच नेटवर्कवरच्या मशीनना लागू.

फायरवॉल खरंच काही अडवते का, ही शंका रास्त आहे, कारण ती गुपचूप काम करते. बघायचं असेल तर तिची नोंदवही चालू करता येते. एरवी ती बंद असते. त्याच खिडकीत डावीकडच्या सगळ्यात वरच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हव्या त्या प्रोफाइलचा टॅब, 'लॉगिंग' पुढचं 'कस्टमाइझ', आणि 'लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स' समोर 'येस'. फाइल कुठे साठते तो रस्ता तिथेच लिहिलेला असतो, आणि तिची मर्यादा आपोआप ४०९६ किलोबाइट ठरलेली असते, त्यामुळे डिस्क भरायची भीती नाही. एक दिवस जाऊ द्या आणि ती फाइल नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून त्यात उघडा. समजा एक ओळ अशी आहे, आपल्या लिपीत लिहायची तर:

ड्रॉप टीसीपी १९२.१६८.१.१४ १९२.१६८.१.७ ५१५४४ ४४५ … रिसीव्ह

डावीकडून वाचा. अडवलं, टीसीपीचं पॅकेट, १९२.१६८.१.१४ कडून निघालेलं, १९२.१६८.१.७ कडे, म्हणजे माझ्याकडे. निघतानाचा पोर्ट ५१५४४, त्याला महत्त्व नाही. आणि यायचं होतं ४४५ वर, म्हणजे फाइल शेअरिंगवर. शेवटचा 'रिसीव्ह' सांगतो की ते आत येत होतं. आता हा १४ नंबरवाला कोण? राऊटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तिथे कळेल. घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपने शेअर केलेलं फोल्डर शोधायचा प्रयत्न केला असेल तर प्रश्न मिटला. तो १४ नंबर सीसीटीव्हीचा डीव्हीआर निघाला, तर मात्र खुर्ची ओढून नीट बसा. डीव्हीआरला तुमच्या फाइलशी काय देणंघेणं? (रेकॉर्डिंग मशीनवर साठवायची सोय तुम्हीच लावून दिली असेल तर गोष्ट वेगळी.) बाकी ओळींत १९०० आणि १३७ हे पोर्ट वारंवार दिसतील. टीव्ही, प्रिंटर आणि इतर विंडोज मशीन 'कुणी आहे का' म्हणून हाक मारत असतात, ती ही. तिच्याकडे दुर्लक्ष करा.

नोंदवही जड वाटली तर हलकी वाट आहे. स्टार्टवर 'रिसोर्स मॉनिटर' उघडा, नेटवर्कचा टॅब, त्यात खाली 'लिसनिंग पोर्ट्स'. कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर कान देऊन बसलाय आणि फायरवॉलने त्याला परवानगी दिलीय की नाही, हे एकाच ओळीत दिसतं. ओळखीचा नसलेला प्रोग्रॅम आणि समोर 'अलाउड' असं दिसलं, तर चौकशी तिथून सुरू करावी.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे फायरवॉल असते, पण कारखान्यातून बंद येते. व्हेंचुरापासून पुढच्या आवृत्त्यांत सिस्टीम सेटिंग्ज, नेटवर्क, फायरवॉल इथे ती चालू करा. मॅकची ही फायरवॉल पोर्टपेक्षा प्रोग्रॅमच्या भाषेत विचार करते, त्यामुळे यादी सुटसुटीत असते. ऑप्शन्समध्ये 'स्टेल्थ मोड' आहे. तो लावला की कुणी पिंग करून, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारून, पाहिलं तरी मशीन उत्तर देत नाही. विंडोजही पब्लिक नेटवर्कवर पिंगला गप्प बसतं. म्हणून 'पिंग लागत नाही म्हणजे मशीन बंद आहे' असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

उबंटू आणि मिंटमध्ये यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल आधीच असते, तीही बंद. टर्मिनलमध्ये 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल' एवढी एक ओळ पुरते. आत येणारं बंद, बाहेर जाणारं चालू, हा तिचाही मूळ नियम. एकच सावधगिरी: त्या मशीनवर तुम्ही एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून टर्मिनल उघडून, दुरून बसला असाल तर आधी 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ एसएसएच' करा, मगच एनेबल. नाहीतर आपणच आपल्याला बाहेर कोंडून घ्याल.

आता ते सुरुवातीचं वाक्य दुसऱ्यांदा: बाहेर जाणारं सगळं चालू. फायरवॉल कुठे हात टेकते ते यातून कळतं. कुणी फोन करून 'तुमचं वीजबिल अपडेट नाही, आज रात्री लाइन कटेल' म्हणत एक अ‍ॅप टाकायला लावतं आणि त्यावरून तुमची स्क्रीन पाहू लागतं, तेव्हा ते अ‍ॅप तुमच्याच मशीनमधून बाहेरच्या सर्व्हरकडे जोडणी करतं. जोडणी तुम्ही मागवलेली, मग उत्तरही आत येणार. फायरवॉल नियमाप्रमाणेच वागली, आणि तरी खातं रिकामं झालं. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशाच एका रिमोट अ‍ॅपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. मेलमधल्या लिंकवर तुम्ही स्वतः टाकलेला पासवर्ड, पेन ड्राइव्हवरून आलेला व्हायरस, फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत आलेलं मालवेअर, यातलं काहीच फायरवॉलच्या कक्षेत बसत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावायचा, लगेच. पहिल्या काही तासांत रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता असते.

बाहेर जाणंही अडवता येतं. 'आउटबाउंड रूल्स' मध्ये एखाद्या ठरावीक प्रोग्रॅमला नेटवर जायची मनाई करता येते, आणि कधीकधी ते उपयोगी पडतं. पण काही हौशी मंडळी मूळ नियमच उलटवून बाहेर जाणारं सगळं बंद करतात आणि एकेकाला परवानगी देत बसतात. घरच्या मशीनवर हे करू नये. चार दिवसांत विंडोज अपडेट बंद पडतं, मग घड्याळ चुकतं, मग प्रिंटर रुसतो, आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्यालाच परवानगी देऊन टाकलेली असते.

आणि कुणी आधीच सगळं उलटसुलट करून ठेवलं असेल तर? विंडोज सिक्युरिटीच्या फायरवॉलच्या पानावर खाली 'रिस्टोअर फायरवॉल्स टू डिफॉल्ट' आहे. ते दाबलं की फायरवॉल विंडोज पहिल्यांदा टाकल्यासारखी होते, पण तुम्ही बनवलेले सगळे नियम जातात. म्हणून आधी मोठ्या खिडकीत 'अ‍ॅक्शन' मध्ये जाऊन 'एक्सपोर्ट पॉलिसी' करा आणि ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. डिफॉल्टने काही बिघडलं तर तिथूनच 'इम्पोर्ट' करून मागे येता येतं. डिफॉल्ट केल्यावर पुढचे एक-दोन दिवस प्रोग्रॅम पुन्हा एकेक करून परवानगी मागत येतील. प्रत्येक वेळी नाव वाचा, ओळखीचं असेल तर प्रायव्हेटच्या चौकोनावर टिक करा, पब्लिकचा मोकळा सोडा, आणि मगच 'अलाउ' दाबा.